अंगठ्याएवढा डाग

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. टेबलावर मावणारा नव्हे. चांगला पलंगाएवढा लांब, दुकानांच्या पाट्या छापणारा. अंगाचा रंग पिवळट पडला आहे, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, तरी माझ्या छपाईला कुणी नावे ठेवली तर मला खपत नाही.

मला या दुकानात पेंटरबाबांनी आणले. त्याआधी ते पाट्या हाताने रंगवत. मी आलो आणि त्यांचे ब्रश डब्यात गेले. दुसऱ्या कुणी माझ्यावर डूख धरला असता. बाबांनी मात्र दर शनिवारी माझे सर्व्हिसिंग स्वतः केले. धूळ काढायची, शाईचे हेड पुसायचे, ते ज्या दांड्यावर धावते त्याला ग्रीस लावायचे. मग पहिला कागद छापून निघाला की त्याच्या कडेला अंगठा टेकवून म्हणायचे, "वाळलं." पेंटरची जुनी खोड ती. रंग वाळला की नाही, हे ते डोळ्यांनी कधीच ठरवत नसत.

पुढे कारभार मुलाकडे आला. बाबांची नजर अधू झाली, पण शनिवार त्यांनी सोडला नाही.

अशाच एका शनिवारी घात झाला. माझ्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पारदर्शक पट्टी ताणलेली आहे. तिच्यावर केसाहून बारीक रेषा आहेत. हेड धावताना त्या मोजत जाते, म्हणून आपण कुठे आहोत हे त्याला कळते. ग्रीस लावून झाल्यावर बाबांना ती पट्टी चकाकताना दिसली. ओली राहिली असे त्यांना वाटले. सवयीने त्यांनी ग्रीस लागलेला अंगठा टेकवला, "वाळलं" म्हणाले आणि झाकण लावले.

त्या ठशापाशी हेडची मोजणी चुकली. ते धाडकन कडेला आपटले आणि मी थांबलो. माझ्या पडद्यावर उमटले, 'हेड अडकले आहे.' मला तेवढेच बोलता येते.

मुलाने वायरी काढून पुन्हा लावल्या, शाई बदलली, मला दहादा बंद-चालू केले. मेकॅनिक आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "हेड गेलंय. आता नवीन मशीन बघा."

मुलाचा पारा चढला. "बाबा, किती वेळा सांगितलं, कशाला हात लावत जाऊ नका म्हणून. चांगली चालती मशीन बंद पाडलीत."

बाबांनी कापसाने एकेक बोट पुसले आणि ते घरी गेले. पुढचे दोन शनिवार ते आले नाहीत. आधी मी त्यांचे ब्रश घेतले होते, आता त्यांचा शनिवारही घेतला. मला फार वाईट वाटले.

भंगारवाला मला बघून गेला. त्या दिवशी सूनबाईने शेवटचे म्हणून झाकण उघडले आणि आत बॅटरी मारली.

"अहो, इकडे या. हा अंगठा कुणाचा?"

मुलगा वाकला. ठशाच्या मधोमध आडवा व्रण होता. पत्रा कापताना बाबांच्या अंगठ्याला झालेली ती जखम त्याने लहानपणापासून पाहिली होती. सूनबाईने मऊ ओलसर फडक्याने पट्टी हळूच पुसली. मिनिटभराचे काम. मी चालू झालो.

"'बाबा, काय काय केलंत?' असं नीट विचारलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं," ती म्हणाली. मुलगा स्टुलावर बसून राहिला.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. एखादे यंत्र बंद पडले, तर शेवटचा हात कुणाचा लागला हे जरूर विचारा. पण कळावे म्हणून विचारा, रागावण्यासाठी नको. डाग मिनिटात पुसला जातो. त्या दोन शनिवारांचे काय करायचे, हे मला अजून कळलेले नाही.

या शनिवारी मुलगा बाबांना घेऊन आला. "चुकलं माझं, बाबा. सर्व्हिसिंग तुम्हीच करा."

"अरे, तू कर. मी बघतो की," बाबा म्हणाले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

पहिला कागद निघाला. मुलाने तो त्यांच्यापुढे धरला. मी वाट पाहत होतो. बाबा खाली वाकले, हात पाठीमागेच ठेवून, आणि त्यांनी मुलाला विचारले, "वाळलं का रे?"