हेडसरांची कंबर आणि मी

मित्रांनो, बहुतेक वस्तू एका दिवशी, एका जागी जन्माला येतात. मी मात्र थोडी थोडी करून जन्मले. कोणाच्या कोटाची कड, कोणाच्या झग्याचा उरलेला घेर, कोणाच्या पायजम्याची कापून टाकलेली लांबी, अशी मी एका टेलरच्या दुकानात कातरीखालून वर्षभर जमिनीवर पडत होते. आज मी पट्ट्यांची एक जुनी गोधडी आहे. माझी हकिगत ऐकताना तुम्हाला डुलकी लागणार नाही अशी आशा आहे. आणि लागली तरी मी रागावणार नाही, कारण माझा धंदाच तो आहे.

ते दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कापणीचे लांब टेबल, दोन शिलाई मशीन, माप घेण्यासाठी एका कोपऱ्यात पडदा, आणि पडद्यामागे स्वयंपाकघराचे दार. त्यामुळे पडद्याआड उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला आपल्या कमरेचे माप आणि आतल्या आमटीचा वास एकाच वेळी मिळत असे. टेलर हा हुशार, पण शोधाशोध करण्यात आयुष्य घालवणारा माणूस. कानावर ठेवलेला खडू तो घरभर धुंडाळत असे. त्याची थोरली बहीण त्याच्याकडेच राहत असे. टेलर तिला अक्का म्हणे, त्याची बायको वन्सं म्हणे, आणि त्याची मुलगी आत्या म्हणे. माझ्या दृष्टीने ती माझी आई.

भाऊबहिणींत एक नियम ठरलेला होता. टेबलाच्या वर जे आहे ते टेलरचे, टेबलाखाली जे पडेल ते आत्याचे. नियम टेलरनेच केला होता, कारण त्यामुळे केर काढायचे काम परस्पर होत असे.

आत्याची रीत अशी. रद्दीतल्या वर्तमानपत्राचा चौकोन कापायचा. त्यावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक पट्टी ठेवायची, तिच्या कडेला दुसरी लावून मशीन मारायचे, दुसरी उलटून तिच्या कडेला तिसरी, आणि असे करत कागद झाकून टाकायचा. पट्ट्या अरुंद असोत, रुंद असोत, तिरक्या असोत, कागद सगळ्यांना शिस्तीत धरून ठेवतो. शेवटी मागचा कागद शिवणीशिवणीने फाडून काढायचा आणि चौकोन एकमेकांना जोडायचे. माझा सगळा कागद निघाला असे आत्या म्हणे. मला मात्र अजूनही डाव्या कोपऱ्यात एका बातमीचा शेवट बोचतो. सुरुवात कशी झाली होती हे कळायला मार्ग नाही.

मी तयार होत होते ती टेलरच्या मुलीसाठी. तिला घरात छोटी म्हणत, जरी ती बापापेक्षा वीतभर उंच होती. छोटीला दुसऱ्या शहरात नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता आणि ती वसतिगृहात राहायला निघाली होती. आत्याने माझ्यासाठी डोळे झिजवले, आणि छोटीला मी नको होते. हे मला कोणी सांगितले नाही, मी स्वतः ऐकले.

"आई, तिथल्या मुली काय म्हणतील? चिंध्या पांघरते म्हणतील."

"मग आत्याला सांग तसं."

"मी नाही सांगणार. तू सांग."

"मी सांगितलं तर वन्सं महिनाभर माझ्याशी फक्त भांड्यांमार्फत बोलतील," छोटीची आई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बाजारातून मोठ्या गुलाबाचे चित्र असलेले एक ब्लँकेट घेऊन आली. ते ट्रंकेत तळाशी गेले. वर जी जागा उरली, तीत एक तर मी मावले असते किंवा छोटीची पुस्तके आणि डबा. मित्रांनो, जगात येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि माझे काय होणार हे एका ट्रंकेच्या झाकणावर येऊन ठेपले होते.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी टेलरच्या दुकानात हाहाकार उडाला. गावातल्या शाळेचे हेडसर त्या दिवशी निवृत्त होत होते. दुपारी चारला निरोपसमारंभ. त्यासाठी राखाडी कापडावर बारीक तपकिरी रेघ असलेला सूट शिवायला आला होता. कोट झाला, पॅन्टचे पाय झाले, आणि कमरेची पट्टी कुठे सापडेना. कापड मोजकेच आले होते. दुसरी पट्टी निघण्याइतका सलग तुकडा उरला नव्हता.

टेलरने टेबल हलवले, मशीन हलवले, बायकोला हलवले. "मी तिचं काय करणार आहे?" ती म्हणाली. "हेडसरांची कंबर मला दोनदा गुंडाळून उरेल."

मला ती पट्टी कुठे आहे हे ठाऊक होते. ती माझ्या पोटात होती. टेलर फोनवर कोणाशी तरी वाद घालत असताना ती टेबलाच्या कडेवरून घसरली आणि नियमाप्रमाणे आत्याची झाली. इतकी लांब, इतकी सरळ पट्टी आत्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. तुकडे करवेनात म्हणून तिने ती माझ्या बरोबर मध्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग घातली, मागून अस्तर लावले आणि हाताने धावदोरा मारून मला पुरी केली. पण गोधडीला साक्ष देता येत नाही. मी घडी होऊन खुर्चीवर गप्प बसले.

अखेर टेलर थकून त्याच खुर्चीपाशी आला आणि माझ्याच टोकाने त्याने कपाळाचा घाम पुसला. पुसता पुसता त्याचा हात थांबला. त्याने मला टेबलावर पसरले. मग मोठी कातर उचलली.

"ती खाली ठेव," दारातून आत्या म्हणाली.

"अक्का, ही हेडसरांची कंबर आहे."

"होती. आता पोरीचं पांघरूण आहे."

"विचारायचं तरी होतंस."

"टेबलाखाली पडलेलं विचारून उचलायचं, असा नियम कधी झाला?"

कातर चालवली तर मी मधोमध चिरली जाणार होते. उसवायचे म्हटले तरी सोपे नव्हते, कारण आमच्या जातीत प्रत्येक पट्टी शेजारणीच्या शिवणीत अडकलेली असते. मधली काढायची तर कडेपासून सगळ्या सोडवत यावे लागते. कोणत्या बाजूने कमी नुकसान होईल ते पाहायला टेलरने चष्मा चढवला. छोटी दिवा धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर थोडी आशा होती असे मला वाटले, आणि मला तिचा रागही आला नाही.

"इकडून गेलं तर," टेलर बोट फिरवत म्हणाला, "आधी वकिलांचा कोट. मग पोस्टमनचा खाकी. मग हा हिरवा... हा त्या दोघा भावांचा."

"कोणते भाऊ?" छोटीने विचारले.

"भांडण झालं होतं त्यांचं, बोलत नव्हते. पण कापड एकत्र घेतलेलं स्वस्त पडतं ना. म्हणून एकाच ताग्यातून शर्ट शिवले आणि दोघं एकाच दिवशी एकाच लग्नाला घालून गेले. लोकांना वाटलं मिटलं. मग मिटवावंच लागलं."

छोटी फिस्सकन हसली. "आणि हा ठिपक्यांचा?"

"दाताच्या डॉक्टरांचा पायजमा. शिवून घेतला, न्यायला आलेच नाहीत. लाजले बहुतेक."

"तो पायजमा तू स्वतः घालतोस," आत्या म्हणाली.

"मग काय, फुकट घालवू?"

बोट पुढे सरकत राहिले, आणि कोणाचीच घाई दिसेना. इतक्यात दारात सावली पडली. हेडसर वेळेच्या आधी आले होते, कारण ते आयुष्यभर सगळीकडे वेळेच्या आधीच जात असत. त्यांनी टेबलावरची मी पाहिली, माझ्या मधोमध स्वतःचे कापड पाहिले, आणि वर्गात गोंधळ सापडल्यावर ते जसे थांबत तसे थांबले.

टेलरने सगळे खरे सांगितले. सांगताना तो तिसरीतला मुलगा दिसत होता. "आत्ता काढून देतो, सर. फक्त माप एकदा ताडून बघतो."

टेपचे एक टोक त्याने धरले, दुसरे छोटीकडे दिले. शाळेतली दहा वर्षे जिने या माणसासमोर मान वर केली नव्हती, ती आता त्यांच्या कमरेमागून टेप फिरवत होती. हेडसर खांब झाले. छोटी बघत राहिली. मग ती शांतपणे म्हणाली, "सर, श्वास सोडा."

"सोडलाय."

"नाही सर. सोडा."

हेडसरांनी श्वास सोडला. मित्रांनो, कित्येक वर्षे आत धरलेले एक प्रतिष्ठित पोट त्या दुकानात हळूहळू बाहेर आले. टेप छोटीच्या बोटांतून सरकला. टेलरने तोच टेप माझ्या मधल्या पट्टीवर लावून पाहिला. पट्टी चार बोटे कमी भरली.

"प्रत्येक वेळी असंच माप देत होता?" टेलरने विचारले.

"शिस्तीचा भाग आहे तो," हेडसर म्हणाले. "म्हणजे ती काढूनही उपयोग झाला नसता."

"काहीच नाही."

"मग असू दे तिथंच. निदान कोणाच्या तरी कामाला येईल."

माझी सुटका झाली, पण पॅन्ट अजून बिनकमरेची होती. तेव्हा आत्याने आपली टोपली आणली. हेडसरांच्याच कापडाच्या बोटभर लांबीच्या कातरणी तिने दुसऱ्या गोधडीसाठी जपून ठेवल्या होत्या. लांब कागद कापून त्यावर तिने त्या एकीला एक जोडत नेल्या आणि हवी तेवढी लांब, वर चार बोटे सैल, अशी पट्टी उभी केली. आत घालायला बकरमचे ताठ कापड नव्हते. "कागद राहू दे," आत्या म्हणाली, "तेवढीच ताठ राहील."

संध्याकाळी छोटी समारंभाहून परतली आणि माझ्यावर आडवी पडून हसतच सुटली. हेडसर भाषणाला उभे राहिले. आभार मानायला वाकले की कमरेतल्या कागदाची कुरकुर, सरळ झाले की कुरकुर. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि तीत हा आवाज. हेडसरांनी भाषण थांबवले आणि सवयीने विचारले, "वर्तमानपत्र कोण वाचतंय? उभं राहा." मग पहिल्या रांगेतून उपमुख्याध्यापक खाली मान घालून उभे राहिले. त्यांच्या मांडीवर खरोखरच शब्दकोडे होते.

हसता हसता छोटीने माझ्या मधल्या राखाडी पट्टीवरून एकदा हात फिरवला. मग ती उठली, ट्रंक उघडली आणि तळातून गुलाबाचे ब्लँकेट काढून आईच्या हातात दिले.

"अगं, नवं आहे ते," आई म्हणाली.

"हो. पण त्याच्याबद्दल सांगायला काय आहे?"

आत्या पलीकडे मशीनला तेल घालत होती. तिने वर पाहिले नाही. फक्त तेल जरा जास्त पडले.

वसतिगृहात मला कोणी चिंध्या म्हटले नाही असे नाही. पहिल्याच दिवशी म्हटले. छोटीने वकिलांच्या कोटापासून सुरुवात केली, आणि आठवड्याभरात मुली जेवण झाले की तिच्या खाटेवर दाटीवाटीने बसून विचारू लागल्या, "आज कोणाची पट्टी?" घराच्या आठवणीने रडू आलेल्या कितीतरी मुलींना मी ऊब दिली आणि त्यांच्या रडण्यावर पांघरूणही घातले. नंतर मी तिच्या संसारात आले. कपाटाच्या वरही गेले, इस्त्रीच्या टेबलावर आणि स्कूटरवरही पडले. एकदा फ्रिज हलवताना त्याच्याखाली गेले. त्या दिवसाबद्दल मी बोलत नाही.

आता माझा ठिपक्यांचा भाग विरला आहे. आत्या नाही, टेलरही नाही. छोटी स्वतः आजी झाली आहे, आणि तिची आठवण माझ्यासारखीच जागोजागी पातळ झाली आहे. परवा दुपारी नात मला ओढत घेऊन आली आणि हिरव्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "ही कोणाची?" छोटीने बराच विचार केला आणि सांगितले, "हा ना, पोस्टमनचा." मला सगळे ठाऊक होते, पण मी आधीच सांगितले, आम्हाला साक्ष देता येत नाही. हिरवी पट्टी ज्यांची, ते दोघे भाऊ त्या दुपारी या जगातून पुसले गेले.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. मला थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, फ्रिजपासून दूर ठेवा. पण त्याआधी, तुमच्या घरात अशी एखादी गोधडी असेल, तर जिला उत्तर ठाऊक आहे तिच्याजवळ आजच बसा आणि एकेका पट्टीवर बोट ठेवून विचारा. शिवण उसवली तर पुन्हा घालता येते. हकिगत नाही.