बरोबरीची जोड

त्या एका दुपारीत ज्ञानोबाला मिळण्यासारखं बरंच होतं. मुखेड तहसिलीतल्या टेबलावरून सुटका होती, लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत खुर्ची होती, दर शनिवारी तीन तास एसटीत उभं राहायचं ते बंद होणार होतं. आणि या सगळ्याहून मोठं म्हणजे पंचशीलेला नववा महिना लागेल तेव्हा तो तिच्याजवळ असणार होता. पंचशीला त्याची बायको. लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स. तिला सातवा चालू होता. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला तार मुखेडला वेळेवर पोचली, पण गाडी मिळाली दुसऱ्या दिवशी, आणि ज्ञानोबा दवाखान्याच्या पायरीवर पोचला तेव्हा त्याच्या सासऱ्यानं बाळाला माती देऊन हातपाय धुतले होते.

बदल्यात द्यायचं काय, तर काहीच नाही. एक दुपारभर तोंड बंद ठेवायचं. हे ज्याला स्वस्त वाटेल त्यानं ज्ञानोबाला कुस्ती बघताना बघितलेलं नाही.

ज्ञानोबा स्वतः कधी मातीत उतरला नाही. अंगानं काडी, डोळ्याला चष्मा. पण मुखेडपासून उदगीरपर्यंत फड कुठलाही असो, माणसं आधी कुस्ती बघायची आणि मग ज्ञानोबाचं तोंड. पैलवान मांडी घालून कसा बसला यावरून तो सांगे की कुठला गुडघा दुखतोय. हिमायतनगरच्या एका गाजलेल्या गड्याला त्यानं भर फडात सांगितलं होतं, पैलवान, तुमची कंबर बैलाची आहे पण दम शेळीचा आहे, पाच मिनिटांच्या आत काय ते उरका. त्यानं उरकलं नाही आणि सहाव्या मिनिटाला आभाळ बघितलं. तेव्हापासून वस्तादसुद्धा ज्ञानोबाला विचारून घेत. ज्ञानोबा खोटं बोलत नाही, असा त्याचा लौकिक होता. कुस्तीपुरता तो खराही होता.

लातूर जिल्हा होऊन सात महिने झाले होते. पाटी आली, शिक्के आले, साहेब आले, फक्त कारकून पुरेनात. म्हणून शेजारच्या जिल्ह्यांतून काही माणसं मागवायची होती आणि त्यांची यादी ईश्वरप्पाच्या टेबलावर तयार होत होती. ईश्वरप्पा आस्थापनेचा अव्वल कारकून. सही साहेबांची असे, पण सहीसाठी कुठला कागद वर ठेवायचा आणि कुठला खाली ते ईश्वरप्पा ठरवी. ज्ञानोबाचा अर्ज तीन महिने खालीच होता. मग ईश्वरप्पाला कुणाकडून तरी कळलं की हा मुखेडचा कारकून म्हणजे तोच तो कुस्तीवाला, आणि निरोप आला: नव्या जिल्ह्याच्या आनंदात आडत बाजारामागच्या मैदानावर फड भरवून राहिलोत, या, आमच्या शेजारी बसा.

पंचशीलेनं सकाळी बजावलं. ईश्वरप्पाचा भाचा सिद्धराम त्या फडात उतरणार होता, हे तिला दवाखान्यात कळलं होतं. पोलिसात खेळाडू म्हणून त्याचं नाव जवळजवळ लागलेलं होतं, आणि बघायला पोलिसांचे साहेब येणार होते.

"त्या पोराबद्दल विचारलं तर चांगलं बोला," ती म्हणाली. "आणि न्हाई विचारलं तर काहीच बोलू नका."

"आणि वाईट लढला तर?"

"तर पाणी प्या."

पाणीही त्या वर्षी पाचव्या दिवशी येत होतं. पोळ्यानंतर पाऊस फिरकला नव्हता. ज्ञानोबानं मैदानावर पाऊल टाकलं आणि त्याची पहिली काळजी तिथंच सुरू झाली. आखाड्याची माती वरून छान लाल दिसत होती, हळदही टाकली होती, पण त्यानं चप्पल काढून अंगठा रोवला तर चार बोटांवर खालची जमीन लागली, फरशीसारखी. एरवी अशी माती आठ दिवस पाणी पाजून, ताक तेल घालून, उकरून उकरून लोण्यासारखी करतात. टँकरच्या रांगेत बायका घागरी घेऊन उभ्या असताना मातीला पाणी कोण पाजणार? ज्ञानोबानं अंगठा पुसला, चप्पल घातली आणि खुर्चीवर जाऊन बसला. पहिली गोष्ट त्यानं तिथं गिळली.

ईश्वरप्पा मोठा दिलदार माणूस. आजूबाजूला बसलेल्यांना ओळख करून देत होता, हे आमचे ज्ञानोबा, यांच्या शब्दाला फडात किंमत आहे. ज्ञानोबा हसला.

हलगी वाजली, नारळ फुटला, लहान कुस्त्या झाल्या. त्या त्याला सोप्या गेल्या, कारण त्यात कुणाचा भाचा नव्हता. नायगावच्या एका पोराला तो म्हणाला की याचे पाय हुशार आहेत आणि डोकं अजून शाळेत आहे, त्यावर ईश्वरप्पा पोट धरून हसला. ज्ञानोबाला जरा बरं वाटलं. मग दोन जाडजूड गडी आले आणि एकमेकांच्या मानेवर हात टाकून पंधरा मिनिटं गोल फिरले. कुणी कुणाला पाडेना. ही नुरा कुस्ती होती, आधी ठरवून केलेली. दोघं एका तालमीतले, सकाळी एका ताटात जेवलेले. हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ज्ञानोबाच्या ओठावर आलं, की यांना सोडवू नका, यांचं लग्न लावा. पण ही जोड कुणी लावली होती कोण जाणे. ईश्वरप्पानंच लावली असली तर? त्यानं दाताखाली जीभ धरली आणि टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारा ज्ञानोबा बघून मागच्या बाकावरचा उदगीरचा एक शौकीन त्याला म्हणाला, तब्येत बरी हाय ना?

मग शेवटची मोठी कुस्ती आली. हिमायतनगरकडचा साहेबराव मैदानात उतरला आणि एक हात वर करून कडेकडेनं फिरू लागला. रीत अशी की हात वर करून फिरणाऱ्याला जोड हवी असते. ज्याला हिंमत असेल त्यानं पुढं यावं, आणि जोड बरोबरीची आहे की नाही ते पंचांनी बघून ठरवावं. साहेबराव तिशीचा, खांदे दरवाजाएवढे. त्याचा डाव सगळ्यांना माहीत होता: ढाक. समोरच्याचा हात काखेत आवळायचा, मानेला वेढा घालायचा आणि कमरेवरून उडवून खाली टाकायचा. उडणारा पडतो तो त्याच हाताच्या खांद्यावर.

सिद्धराम उठला. बावीस वर्षांचा, देखणा, अंगात चपळाई. त्यानं मामाकडं बघून हात जोडले, माती कपाळाला लावली आणि शड्डू ठोकला.

ज्ञानोबाचं सगळं अंग कानात आलं. उजव्या हाताचा शड्डू खणखणीत वाजला. डाव्याचा बसका आला. पुन्हा ठोकला, पुन्हा तेच. पोरगं डावं कोपर बरगडीपासून सुटूच देत नव्हतं. अंगाला माती लावली तीही उजव्या हातानं, आणि पाठीला लावायला दुसऱ्याला सांगितलं. डावा खांदा गेला होता. आज नाही, आठ-दहा दिवसांपूर्वी, तालमीत, आणि पोरानं मामाला सांगितलेलं नव्हतं. ज्ञानोबाला हे इतकं स्वच्छ दिसलं की इतरांना दिसत कसं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

पंच होता ईश्वरप्पाच्या गावाकडचा म्हातारा पैलवान, पंचाक्षरी नावाचा. त्यानं दोघांना समोरासमोर उभं केलं, दंड चाचपले, मागं सरून बघितलं. वजनात फरक होता. त्याचा जीव घुटमळला. पोलिसांचे साहेब समोर बसलेले, अव्वल कारकुनाचा भाचा, नाही म्हणायचं तर कुणाच्या जोरावर म्हणायचं? त्याची नजर खुर्च्यांवरून फिरली आणि ज्ञानोबावर थांबली.

"ज्ञानोबा," त्यानं मैदानातूनच विचारलं, "जोड कशी वाटती?"

हलगी थांबली. हजार-दोन हजार माणसं ज्ञानोबाकडं बघू लागली. सिद्धरामही बघत होता. ईश्वरप्पानं ज्ञानोबाच्या गुडघ्यावर हात ठेवला, प्रेमानं, जसा घरच्या माणसाच्या ठेवतात.

एवढ्या वेळात माणूस किती गोष्टी मोजू शकतो? ज्ञानोबानं तार मोजली, गाडी मोजली, दवाखान्याची पायरी मोजली. पोरगं चपळ आहे, निसटेल, असं मोजलं. माती मोजायची वेळ आली तेव्हा त्यानं मोजणं थांबवलं.

"बरोबरीची हाय," तो म्हणाला.

पंचाक्षरीच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. सिद्धरामचा चेहरा तर असा उजळला की ज्ञानोबानं खाली बघितलं.

कुस्ती लागली. पहिली तीन मिनिटं सिद्धरामनं छान काढली. तो हाताला लागेना, पायात शिरून निसटे, लोक शिट्ट्या मारत होते. ईश्वरप्पा आनंदानं ज्ञानोबाला कोपर मारी, बघा, तुम्ही म्हणलात तसंच. चौथ्या मिनिटाला साहेबरावाला कळलं. पैलवानालाही कान असतात. तो उजवीकडं धरायचं सोडून डाव्या हाताच्या मागं लागला. एकदा मनगट धरलं, सुटलं. दुसऱ्यांदा कोपर धरलं, पोराचं तोंड वाकडं झालं, सुटलं.

अजून वेळ होती. फडातला जाणता माणूस उभा राहिला आणि त्यानं टॉवेल वर केला, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. कुणी हरत नाही, कुणाची इज्जत जात नाही. फार तर लोक चिडतात. ज्ञानोबाच्या खांद्यावर टॉवेल होता. तो अर्धा उठला.

"बसा हो," ईश्वरप्पा म्हणाला, मैदानावरची नजर न काढता. "मागच्यांना दिसत न्हाई."

ज्ञानोबा बसला. टॉवेल हातात तसाच राहिला. तो पुन्हा उठेपर्यंत साहेबरावानं डावा हात काखेत आवळला होता.

त्या कडक जमिनीवर सिद्धराम पडला तेव्हा जो आवाज झाला तो हलगीच्या गलबल्यातही पुढच्या चार रांगांनी ऐकला. साहेबराव उठून उभा राहिला, पण त्यानं हात वर केला नाही. त्यानंच पहिल्यांदा हाक मारली, गाडी आणा.

दवाखान्यात पंचशीलेची ड्यूटी होती. तिनं पोराचा हात धरून ठेवला आणि डॉक्टरांनी सांधा बसवायचा प्रयत्न केला. बसला नाही, हाडही गेलं होतं. ज्ञानोबा दाराशी उभा होता. जायचं की थांबायचं ते ठरेना. सिद्धरामनं त्याला बघितलं आणि वेदनेतही ओशाळल्यासारखा हसला.

"काका, तुमची इज्जत राखता आली न्हाई मला," तो म्हणाला. "खांदा आधीपासून दुखून राहिला होता. भ्यालो होतो मी. पण तुम्ही बरोबरीची म्हणलात, तवा वाटलं, तुम्हाला दिसलं न्हाई म्हणजे तसं काहीच नसल. माझंच मन कच्चं."

ज्ञानोबानं पोराच्या पायावरची चादर नीट केली.

बाहेर व्हरांड्यात पंचशीला आली. पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली.

"तुम्हाला दिसलं होतं," ती म्हणाली.

"हाव."

"कधी?"

"शड्डू ठोकला तवाच."

तिनं मान हलवली. ती त्याच्यावर ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण सकाळी चांगलं बोला म्हणून सांगणारी तीच होती, हे तीही विसरली नव्हती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, चहा घेता का. तो नको म्हणाला.

ईश्वरप्पानं मनात काही धरलं नाही. उलट चारचौघांत सांगे की ज्ञानोबा सच्चा माणूस, त्यानं पोराला बरोबरीचं मानलं. कुस्तीत असं व्हायचंच. कागद वर आला. अकराव्या दिवशी बदलीचा हुकूम निघाला. ज्ञानोबा लातूरला हजर झाला. मे महिन्याच्या उन्हात पंचशीला बाळंत झाली तेव्हा तो दाराबाहेर होता, आणि मुलगी रडली ते त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. फडाला तो नंतरही गेला. लोक विचारत, तो सांगे. पूर्वीसारखंच खरं सांगे. पण जोड लावायला कुणी विचारलं की हातानंच पंचाकडं बोट दाखवी, आणि लोकांना वाटे, कचेरीत आल्यापासून माणूस मोठा झाला.

आता कुणाच्या नावावर काय पडलं ते बघू. साहेबरावाला जिंकल्याचं नाव मिळालं, ते त्यानं कधी मिरवलं नाही. ईश्वरप्पाचा शब्द साहेबांसमोर खाली पडला, तो त्यानं दोन महिन्यांत दुसऱ्या कामात उचलून घेतला. पंचाक्षरीनं पंच म्हणून बसणं सोडलं. वय झालं म्हणाला. ज्ञानोबाला आणि पंचशीलेला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि त्या दिवसाबद्दल ती दोघं पुन्हा कधी एकमेकांशी बोलली नाहीत. पोलिसातली जागा दुसऱ्या एका पोराला गेली. सिद्धरामचा डावा हात कानाच्या वर जात नाही. तो आडतीत पोती मोजायला बसतो आणि आपलंच मन कच्चं होतं असं अजून सांगतो. सगळं भरलं ते त्यानं एकट्यानं, आणि कुणासाठी भरलं हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.