पहिली जुडी

रुपाने टाचा उंचावून रिकाम्या फ्लॅटच्या चौकटीवरून हात फिरवला. खिळा नव्हता.

"वहिनी, काय शोधून राहिल्या?" दलाल मनिषने विचारले.

"काही नाही जी."

तिने पिशवी छातीशी धरली. आतून धानाच्या लोंब्या डोकावत होत्या. त्यांच्या गावी, सिहोऱ्याला, नव्या धानाची पहिली जुडी दारावर बांधतात. दाणे चिमण्या खातात, आणि बांधते तिचं ते घर. रुपाच्या घरी तो मान सासूचा, गोदावरीबाईंचा. लग्न झाल्यापासून रुपा लोंब्या निवडायची, जुडी वळायची आणि खालून सासूच्या हातात द्यायची.

"भंडाऱ्यात भाडेकरूची कमी नाही," मनिष रुपाच्या नवऱ्याला, कैलाशला सांगत होता. "तो हप्ता भरन, फ्लॅट तुमचा."

"माह्या पोरीले विचार," कैलाश म्हणाला. "कॉमर्सले आहे."

अकरावीतली तृप्ती याचीच वाट पाहत होती. मोबाईल तिच्या हातात तयारच होता.

"बँक सगळे पैसे देत नाही, बाबा. पहिले घरचे टाकावे लागतात. वरून मुद्रांक शुल्क, नोंदणी, दादाची दलाली. मंग हप्ता साडेबारा हजार अन् भाडं सहा. देखभाल, घरपट्टी आपलीच." ती मनिषकडे वळली. "अन् फ्लॅट रिकामा राहिला त त्या महिन्याचा हप्ता तुम्ही भरसान का, दादा?"

कैलाश पोट धरून हसला. "पाय, कशी आहे माही पोरगी!"

"किंमत वाढन ना पुढे," मनिष पुटपुटला.

"वाढेपर्यंत व्याज काय झोपून राहाते?"

तृप्तीला इतकं भारी कधीच वाटलं नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रुपा बाहेर आली. ओट्यावरची धूळ तिने पदराने पुसली होती. पदर काळा झाला होता.

"अन् आपणच राहिलो त?"

"मंग भाडं कोण देईन?" कैलाश अजून हसतच होता.

रुपाने तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीने भाड्याचे सहा हजार खोडले, आकडा पाहिला आणि मोबाईल पालथा धरला.

"किती होते, बाई?" रुपाने विचारलं.



"नाही जमत ना. राहू दे," कैलाश म्हणाला आणि चपला घालू लागला.

रुपा मात्र गॅलरीत गेली. वैनगंगेकडून वारा येत होता. तिने पिशवी खाली ठेवली, तिचा एक बंद ओढून तोडला आणि जाळीच्या वरच्या गजाला अडकवला.

"वहिनी," मनिष दारातून म्हणाला, "तुम्ही फ्लॅट त घेऊनच नाही राहिले."

"चिमण्यांले कोण सांगन?"

तृप्तीने मोबाईल खिशात टाकला. वाकून पिशवीतून जुडी काढली आणि खालून आईच्या हातात दिली.