सुदाम धोडी, ऊर्फ

सुदामने टेबलावर आधार कार्ड ठेवलं, त्यावर रेशन कार्ड, त्यावर शाळा सोडल्याचा दाखला आणि सगळ्यात वर ड्रायव्हिंग लायसन. पत्त्यांचा डाव मांडावा तसं.

निवडणुकीच्या टेबलामागच्या मॅडमनी एकेक कागद उचलून पाहिला.

"या सगळ्यात सुदाम आहे. अर्ध्या कुठंय?"

"तेच तर मॅडम. कुठंच नाय."

"मग मशिनवर 'सुदाम जान्या धोडी ऊर्फ अर्ध्या' असं कसं छापायचं? लोक तुम्हाला अर्ध्या म्हणतात याला पुरावा काय?"

मागच्या बाकड्यावर बसलेला त्याचा दोस्त तुक्या फिसकन हसला. त्याच्या शेजारी झरीची एक म्हातारी दुसऱ्याच कुठल्या कामासाठी ताटकळत बसली होती. तिनं मान वर केली.

"अरे, अर्ध्या ना तू? घरची बरी हाय?"

"हा घ्या पुरावा," तुक्या म्हणाला.

"कागद लागतो," मॅडम म्हणाल्या. "उद्या तीन वाजेपर्यंत."

सुदामने कागद गोळा केले. चार वर्षं ज्या नावाचा कागदावर डाग पडू नये म्हणून त्यानं जिवाचं रान केलं, ते नाव आता कागदावर नाही म्हणून त्याचं अडलं होतं.

नाव पडलं त्याची गोष्ट साऱ्या तलासरीला पाठ होती. २०१४ च्या मे महिन्यात सुदाम मुलगी बघायला निघाला. आधी बाजारात न्हाव्याकडं बसला. म्हणाला, मिशी पूर्ण काढ, मुंबईच्या पोरांसारखी. डावी बाजू निघाली आणि हायवेवर कोंबड्यांचा टेम्पो उलटला. न्हावी वस्तऱ्यासकट पळाला. अख्खा बाजार पळाला. गळ्यात फडकं बांधून सुदाम आरशासमोर एकटाच. तासाभरानं मामा आला तेव्हाही न्हावी हायवेच्या पलीकडे, झुडपात, एका कोंबडीच्या मागं होता. मामा म्हणाला, तिकडं माणसं खोळंबलीत, चल तसाच.

सुदाम तोंडाला रुमाल लावून मुलीच्या घरी बसला. सर्दी झालीय, असं मामानं सांगितलं. पण मुलीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. रुमालातून पाणी पिता येत नाही. मुलगी, म्हणजे रूपी, क्षणभर बघत राहिली, मग आत गेली आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा हळू आवाजात आईला म्हणाली,

"आई, हा तर अर्धाच आलाय."

लग्न जमलं. पण त्याआधी नाव जमलं. पावसाळ्यापर्यंत ते पाड्यात होतं, दिवाळीपर्यंत तालुक्यात. सुदाम टमटम चालवायचा, तिला लोक अर्ध्याची गाडी म्हणू लागले. त्याच्या घराजवळच्या वळणाला अर्ध्याचा नाका म्हणू लागले, आणि एक दिवस एसटीच्या कंडक्टरनं घंटी मारून तेच पुकारलं. सुदामने मिशी वाढवली. दोन्ही बाजूंना सारखी, तेल लावून पीळ दिलेली. लोक म्हणायचे, अर्ध्याची मिशी बघा काय मस्त आलीय. घरात रूपीही त्याला अर्ध्याच म्हणायची.

सरपंचकीला तो उभा राहिला तो रस्त्यासाठी नाही आणि पाण्यासाठीही नाही. तसं पत्रकात होतं, पण खरं कारण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर होतं. तिथं निळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात सरपंचांची नावं लिहिलेली असायची, पुढं 'श्री.' लावून. तिथं एकदा 'श्री. सुदाम जान्या धोडी' लागलं की कोण काय म्हणतंय ते बघू. हे त्यानं फक्त रूपीला सांगितलं होतं. आता सरपंच थेट लोकांतून निवडायचा होता, म्हणून जमेल असं वाटलं होतं.

समोर उभा होता लहान्या. वय पंचावन्न, दारातून जाताना आडवं व्हावं लागायचं एवढा देह. पण आधारवर लहान्या, सातबाऱ्यावर लहान्या, आणि कोणी हसत नव्हतं.

"त्याला कोन पुरावा मागत नाय," सुदाम घरी येऊन म्हणाला. "त्याला जन्मल्यावर चिकटलं म्हणून नाव. मला मिशीवरनं चिकटलं म्हणून चिडवणं."

"मग ऊर्फ लावूच नको," रूपी म्हणाली.

"आणि भिकी आत्या?"

भिकी आत्या म्हणजे सुदामच्या बापाची सख्खी बहीण. परवाच दोघं तिच्याकडं मत मागायला गेले होते.

"आत्या, सुदामला मत दे," सुदाम म्हणाला होता.

"देईन. पन तो कोन? बाहेरचा हाय काय?"

"आत्या, मी!"

"तू उभा हायस?" म्हातारी खूश झाली. मग तिचा चेहरा बदलला. "मग हा मेला सुदाम कशाला उभा राहतो तुझ्यासमोर? पाड त्याला."

असं सात घरांत झालं. तुक्या म्हणाला होता, चिन्ह लोकं विसरतात, नाव वाचून दाखवणारी पोरं घरोघर हायत. ऊर्फ लाव, नायतर तुझीच माणसं तुला पाडतील.

रूपीनं हात पुसले आणि पत्र्याची पेटी ओढली. लग्नाच्या साडीखालून एक घडी घातलेला कागद काढला.

"हा चालेल काय बघ."

सुदामने कागद उलगडला आणि त्याचे कान तापले. अक्षर त्याचंच होतं. २०१५ साली त्यानं गावच्या तंटामुक्ती समितीला तुक्याविरुद्ध केलेला अर्ज.

"सदर इसम तुक्या," त्यानं लिहिलं होतं, "हा मला बाजारात, स्टँडवर, लग्नात व मयतीला अर्ध्या अशी हाक मारतो. त्याचं बघून संपूर्ण गाव, आजूबाजूचे पाच पाडे व कंडक्टर लोकसुद्धा मारतात. माझं मूळ नाव कोणी घेत नाही." खाली समितीचा शिक्का आणि निकाल होता. 'अर्ध्या व तुक्या यांनी एकत्र चहा घेऊन तंटा मिटवला.'

"तू हा ठेवलास कशाला?"

"एवढं मोठं लिहिलेलं तुझं दुसरं काय हाय घरात?" रूपी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो अर्ज दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी तोंडावर पदर धरला.

"पाच पाडे," त्या म्हणाल्या. "इतका भक्कम पुरावा या टेबलावर कधी आला नव्हता. आता फक्त इथं सही करा. 'मला अर्ध्या या नावाने ओळखले जाते व सदर नाव मला मान्य आहे.'"

सुदामचं पेन 'मान्य' या शब्दावर थांबलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"कर ना अर्ध्या," तुक्या मागून म्हणाला. "शिक्केवाला शिपाई चहाला निघालाय."

सुदामने सही केली. पूर्ण. सुदाम जान्या धोडी. ती तरी कोणी अडवली नाही.

एकतीस मतांनी तो निवडून आला. लहान्यानं येऊन मिठी मारली, आणि त्या मिठीत सुदाम काही वेळ दिसलाच नाही.

"अर्ध्या, पुरा निवडून आलास रे," लहान्या म्हणाला. सगळे हसले. सुदामही हसला, दात दिसतील एवढंच.

गुलाल, ढोल, 'अर्ध्या तुम आगे बढो', सगळं त्यानं सोसलं. त्याला घाई पाटीची होती. शपथेच्या दिवशी तो सकाळीच ग्रामपंचायतीत पोचला. पेंटर शिडीवरून उतरून ब्रश पुसत होता. निळ्या पाटीवर ओला पांढरा रंग चमकत होता.

'श्री. अर्ध्या जा. धोडी.'

"हे काय?" सुदामचा आवाज चिरकला.

"सगळं मावत नव्हतं सरपंच," पेंटर म्हणाला. "तुमच्या कागदावर दोन नावं. म्हणून ओळखीचं ठेवलं आणि दुसरं काढलं."

"अरे, दुसरं माझं हाय!"

"मग पहिलं कुणाचं?"

पुसायला म्हणून सुदामने बोट पुढं केलं, तर 'ध्या'चा कानाच पसरला आणि नाव आणखी ठसठशीत झालं. तेवढ्यात फोटोवाला आला. त्यानं सरपंचाला पाटीखाली उभं केलं आणि पांढरं बोट खिशात घालायला सांगितलं.

दुपारी तो घरी आला. गळ्यातला हार त्यानं खुंटीला अडकवला आणि भिंतीला टेकून बसला. रूपी चुलीपाशी नाचणीच्या भाकरी थापत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"सुदाम, पाय धू आधी."

सुदामने मागं दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं. अंगणात कोंबडी होती.

"कोन आलंय?"

"कोन येतंय? तुलाच बोलले."

"मला?"

"मग काय करू? इतकी वर्षं ते चिडवायचं नाव होतं, म्हणून बोलले. आता मशिनवर छापलं, पाटीवर चढलं. नवऱ्याचं नाव बायको घेते काय?"

"आणि सुदाम?"

"ते कोनाचं हाय आता?" रूपी म्हणाली. "पेंटरनं काढलं ना?"

म्हणजे बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. सुदाम अंगठ्याच्या नखानं बोटावरचा रंग खरवडत राहिला.

बाहेर ढोल थांबला आणि तुक्याची हाक आली.

"अर्ध्या, चल रे! ट्रॅक्टर लागलाय!"

सुदाम उठला नाही.

"परत बोल," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता बोललीस ते."

रूपीनं तव्यावरची भाकरी उलटवली, कडेनं दाबली.

"एकदा बोलले ना. रोज बोलले तर तेच नाव पडेल तुझं," ती म्हणाली. "मग मला काय राहील बोलायला?"