चारूच्या मुठीतला कंडेन्सर

पद्माचं निम्मं लक्ष रांगणाऱ्या चारूकडं होतं आणि निम्मं सासऱ्यांच्या हातांकडं. लालासाहेबांनी सांगलीच्या जुन्या बाजारातून वॉल्व्हचा रेडिओ कोरेगावला आणला होता. तो नुसताच घुमायचा, म्हणून त्यांनी आतला जुना कंडेन्सर कापून नवा बसवला होता. संध्याकाळी रेडिओवर फौजींच्या फर्माइशीत माझं नाव घेणार आहेत, असं तिच्या फौजी नवऱ्यानं, कृष्णातनं, सीमेवरून कळवलं होतं. शेजारी नानासोंकडं ट्रान्झिस्टर होता, पण उसाच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद. तेव्हा ऐकायचं तर ह्याच रेडिओवर.

चारूनं काहीतरी तोंडात घातलं. पद्मानं झडप घालून ते काढून घेतलं. कापून टाकलेला तो जुना कंडेन्सर होता. मायनसची खूण असलेल्या टोकाला रेडिओच्या पत्र्याचा एक गंजका तुकडा अजून चिकटलेला. म्हणजे पत्र्याला मायनस होता. आणि नव्याचा तर मामंजींनी पत्र्याला प्लस जोडलाय.

कॉलेजात फिजिक्सच्या सरांनी उलटा जोडलेला कंडेन्सर फुटून वर्गभर धूर झाल्याची गोष्ट सांगितली होती.

लग्न झाल्यापासून ती सासऱ्यांशी थेट बोललेली नव्हती. काय सांगायचं ते सासूबाईंकरवी, आणि चारू झाल्यापासून चारूकरवी.

"चारू, आजोबांना म्हण, मायनस पत्र्याला लागतो."

लालासाहेब मान वर न करता हसले. "तुझ्या आईला सांग, पलटणीत लय वर्सं लॉरी हाकलीय म्या. तिच्या बॅटरीचा प्लस कायम बॉडीला आसायचा."

बोलता बोलता त्यांचा हात बटणाकडं गेला. चारू पुन्हा रेडिओपाशी पोचली होती.

"मामंजी, थांबा." पद्माचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. पदर सावरत ती पुढं झाली आणि जुना कंडेन्सर त्यांच्यासमोर धरला. "लॉरीचं तसं असेल. ह्याचं उलटं आहे. हा तुकडा बघा ना, तुम्हीच कापलाय. असाच चालू केला तर फुटेल."

लालासाहेबांनी चष्मा पुसला. तुकडा पत्र्यावरच्या कापल्या जागेवर धरून पाहिला. नेमका बसला. मग त्यांनी नातीला उचलून पद्माच्या कडेवर दिलं, सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि नव्या कंडेन्सरची दोन्ही टोकं सोडवून फिरवून जोडली.

बटण दाबलं तेव्हा पद्मा चारूला घेऊन दारात उभी होती. वॉल्व्ह हळूहळू लालसर झाले. घुमणं विरलं. खरखरीतून निवेदिकेचा आवाज वर आला. ती फौजींची नावं वाचत होती. "...जिला सातारा, कोरेगाव से..."

"पद्मा," लालासाहेब म्हणाले, चारूकडं न बघता, "आवाज वाढीव."