सत्तावन हजार पोट्टे

कारंज्याच्या त्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी फाटकापासून गर्दीत धक्के खात आत जावं लागत होतं. सहाशे खुर्च्या आणि हजार माणसं. स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्यांच्या जागी एक भला मोठा पडदा. पडद्यावर बंगला, बंगल्यापुढे गाडी, गाडीपुढे बाज टाकून घोरत पडलेला एक माणूस आणि त्याच्या अंगावर पडणाऱ्या नोटा. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'तुम्ही झोपा, वेबसाइट कमावेल!'

आणि हातात माईक घेऊन यू. एस. सर. खरं नाव उदयसिंग. पण 'यू. एस.' म्हटलं की निम्म्या लोकांना माणूस थेट अमेरिकेहून उतरलाय असं वाटायचं, आणि हा गैरसमज दूर करायची सरांनी कधी घाई केली नाही.

"कष्ट कोण करतो?" सर ओरडले.

"गरीब!" हॉल ओरडला.

"आणि श्रीमंत काय करतो?"

"झोपतो!"

"शाब्बास! यालाच म्हणतात पॅसिव्ह इन्कम!"

"प्यासी इन्कम," मागच्या रांगेत एक म्हातारा शेजाऱ्याला समजावून सांगत होता, "म्हंजे आपल्याले तहान लागली का पैसा येते." शेजाऱ्याला पटलं. पटायला काय लागतं?

सरांचा धंदा सोपा होता. अठरा हजार भरायचे. सरांची माणसं तुमच्या फोनमध्ये तुमची वेबसाइट बसवून देणार. तिच्यावर एक आकडा : पाहुणे. जगभरातून लोक येणार, तिच्यावर तुमचं जे काय ठेवलं असेल ते बघणार, आकडा वाढत जाणार. लाख पाहुणे झाले की डॉलर तुमच्या खात्यात. तोवर काय करायचं? झोपायचं. कोणी चुकून विचारलंच, की सर, माझी वेबसाइट माझ्या भाच्याच्या फोनवर का उघडत नाही, तर सर हसत आणि म्हणत, "दादा, तुमचा चांगला कापूस गावात राहतो का? बाहेर जातो ना? तशी ही एक्सपोर्ट क्वालिटी वेबसाइट आहे. भारतात दिसतच नाही!" आणि लोक टाळ्या वाजवत. आता हेच एखादा बुवा म्हणाला असता, की माझा देव फक्त परदेशात दिसतो, तर याच लोकांनी त्याला वेशीपर्यंत पळवला असता. पण इथं ना अंगारा, ना लिंबू, ना कोंबडं. इंग्रजी शब्द आणि चकचकीत पडदा. संशय घेणार कशावर?

धम्मदीपा तिसऱ्या रांगेत बसली होती. कारंज्यातच झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात ती कामाला होती, रोज धनजहून एसटीनं यायची. तिला या तमाशात काडीचा रस नव्हता. ती आली होती, कारण आज स्टेजवर तिची आई बोलणार होती.

आई म्हणजे लिलाबाई. धनजच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. आणि वेबसाइट होती ती उत्कर्षची, धम्मदीपाच्या धाकट्या भावाची. पोरगा गणितात एम.एस्सी. झालेला. शिक्षकभरती निघायची वाट बघता बघता त्यानं आईच्या फोनवर दहावीच्या गणिताचे एकतीस धडे बोलून ठेवले, आपल्या वऱ्हाडीत. 'पोट्टेहो, घाबरू नका, गणित काई चावत नाई,' अशी प्रत्येक धड्याची सुरुवात. बत्तिसावा राहिला. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं चार दिवसांत नेलं त्याला.

त्यानंतर लिलाबाई शाळेत दीडशे पोरांना जेवू घालायची आणि घरी येऊन स्वतः पाणी पिऊन निजायची. नातेवाईक समजावून थकले. विहारातल्या बाया येऊन बसत, रडत, निघून जात. बाई वाळत चालली होती. मग एक दिवस सरांचा माणूस गावात आला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या पोराचे धडे जगाला दाखवू." लिलाबाईनं गाठीचे अठरा हजार त्याच्या हातावर ठेवले. डॉलरचं तिला सोयरसुतक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोन घेऊन नाचतच चुलीपाशी आली. "दीपा, ये दीपा! दोनशेच्या वर पोट्टे आले व, उत्कर्षकडे शिकाले!"

त्या दिवशी तिनं अख्खी भाकर खाल्ली.

तेव्हापासून रोज सकाळी सातला ती आकडा बघायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. धम्मदीपा एकदा सहज त्या आकड्यांची वजाबाकी करायला गेली आणि तिथंच थबकली. रोज दोनशे अठ्ठ्याऐंशी. ना एक कमी, ना एक जास्त. रविवारी तेवढेच, होळीला तेवढेच, उन्हाळ्याच्या सुट्टीतही तेवढेच. कोणत्या देशातली पोरं अशी रांग लावून, मोजून येतात? मग एका सकाळी, आई न्हाणीत असताना, तिनं फोनचं नेट बंद करून पाहिलं. पाच मिनिटांनी आकडा एकानं वाढला. अजून पाच मिनिटांनी, अजून एकानं.

तेवढ्यात आई केस पुसत बाहेर आली, गुणगुणत. ठेचा वाढून घेतला, दुसरी भाकर मागितली. धम्मदीपानं फोन गुपचूप जागेवर ठेवला आणि भाकर वाढली. याला आता एक महिना झाला होता. रोज बोलू म्हणायची आणि रोज राहायचं.

"बेटा, तुही माय बोलाले उभी राह्यली, पाह्य," शेजारी बसलेल्या तनवीरचाचांनी तिला कोपर मारलं. चाचांचं बाजारात गाद्या भरायचं दुकान. त्यांच्या मांडीवर रुमालात बांधलेले अठरा हजार होते, पोरीच्या, इकराच्या, नर्सिंगच्या फीचे. "सर-बिर मी नाई ओळखत. मी लिलाबाईच्या जबानवर भरून राह्यलो. थे बाई खोटं बोलत नाई."

लिलाबाई माईकपुढे उभी राहिली. नवं लुगडं, डोक्यावर पदर. तिचा फोन सरांच्या पोरांनी वायर लावून पडद्याला जोडलेला. पडद्यावर उत्कर्षचा फोटो आणि खाली आकडा : ५७,६१२.

"जय भीम. नमस्कार. मले भाषन येत नाई. मी शाळेत खिचडी शिजवतो." लोक हसले, तीही हसली. "माहा पोरगा मास्तर व्हनार होता. झाला नाई. आता मेल्यावर झाला. हे पाहा, सत्तावन हजार सहाशे बारा पोट्टे हायेत त्याच्या वर्गात. मी रोज मनात इचार करतो, येवढ्याइले जेवाले घालाचं म्हनलं तं किती गंज भरून खिचडी लागन!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. बायांनी डोळ्यांना पदर लावले.

"अन् आयका! मागच्या महिन्यात वादळानं आमच्या गावचं टावर पडलं. तीन दिवस कोनाचा फोन लागे ना. पन माह्या उत्कर्षकडे पोट्टे येतच राह्यले! टावर नाई, तरी बी येतच राह्यले!"

सरांचा चेहरा क्षणभर उतरला. पण माणूस मुरलेला होता. त्यानं तिच्यापुढचा माईक ओढला. "ऐकलंत? यालाच म्हणतात पॅसिव्ह! टॉवर झोपतो, वेबसाइट झोपत नाही! चला, काउंटर उघडं आहे!"

लोक उठले. तनवीरचाचाही उठले, रुमाल छातीशी धरून. धम्मदीपानं त्यांची बाही धरली.

"चाचा, थांबा."

"काहून?"

स्टेजवर आई उभी होती आणि दोन वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत अशी हसत होती. समोर काउंटरवर रांग लागत होती, आणि ती रांग आईच्या शब्दावर लागत होती. चाचांची बाही सोडून धम्मदीपा स्टेजची पायरी चढली.

"आई, फोन दे."

"काहून व?"

"दे तं."

तिनं सगळ्यांना दिसेल असं फोनचं नेट बंद केलं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं विमान उमटलं. "आता या फोनमध्ये बाहेरून कोणी येऊ शकत नाही," ती माईकवर म्हणाली. "पाच मिनिटं थांबा. नुसती पाच मिनिटं. मग पैसे भरा."

"ताई, ही नकारात्मक ऊर्जा आहे," सर पुढे आले. "अशानं लक्ष्मी..."

"तुमी गप बसा ना दोन मिनिट," खालून तनवीरचाचा गरजले. "पोरगी पाचच मिनिट मांगून राह्यली."

हजार माणसं आकड्याकडे बघत बसली. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग आकडा हलला. ५७,६१३.

"कोण आलं हे?" धम्मदीपानं विचारलं. "कुठून आलं? दार तर बंद आहे." तिनं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख बदलली. एक वर्ष पुढं. परत वेबसाइट उघडली. पडद्यावर आकडा होता एक लाख बासष्ट हजार सातशे तेहतीस.

हॉलमधून मोठा हुंकार उठला.

"लाख झाले की पैसे, असं सर म्हणतात ना? मग काढू." तिनं 'पैसे मिळवा'चं बटण दाबलं. पडद्यावर फुगे उडाले आणि अक्षरं आली : 'अभिनंदन! आता पंचवीस हजारांचा गोल्ड प्लॅन घ्या.'

"ही वेबसाइट नाही," धम्मदीपा म्हणाली. "इंटरनेटवर हे नाहीच. फोनमध्ये ठेवलेलं एक चित्र आहे, आणि त्याच्या मागं फोनचं घड्याळ. पाच मिनिटं झाली की एक पाहुणा. तासाला बारा, दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी. माझ्या भावाच्या सव्विसाव्या धड्यात आहे हे. ठरावीक फरकानं वाढत जाणारे आकडे, त्याला श्रेढी म्हणतात. माणसं अशी येत नसतात. ज्यांनी आधी पैसे भरलेत, त्यांनी काढा आपले फोन. नेट बंद करा आणि तारीख पुढं ढकला."

खिशाखिशांतून फोन निघाले. कोणी दोन लाखांचा मालक झाला, कोणी पाच लाखांचा, आणि प्रत्येकाच्या फोनवर तेच फुगे. आधी कोणी तरी खो-खो हसलं. मग शिव्या सुरू झाल्या. यू. एस. सर मागच्या दारानं निघाले होते, ते आचाऱ्यांच्या खोलीपाशी सापडले. पुढं पोलीस आले, पंचनामा झाला, ते सगळं झालं.

पण स्टेजवर लिलाबाई अजून पडद्याकडेच बघत होती.

"मंग थे सत्तावन हजार पोट्टे?"

"घड्याळ होतं आई थे."

"सगये?"

"सगये."

"एक बी नाई आला? येक तरी आला असन ना व दीपा. चुकून-माकून?"

धम्मदीपानं नकारार्थी मान हलवली. लिलाबाई खाली बसेल असं वाटलं, म्हणून धम्मदीपानं तिला धरायला हात पुढे केला. तो हात बाजूला सारून तिनं माईक घेतला.

"लोकहो, आयका. मी खोटी नाई, पन खोटं बोलली. माफ करा मले." हॉल हळूहळू शांत झाला. "ह्या मानसानं तुमाले पैसा दाखवला. मले पैसा नोता पायजे, मले पोट्टे पायजे होते, तं मले पोट्टे दाखवले. ज्याले जे पायजे थे दाखवते हा. माह्याच तोंडानं मी सांगतलं ना, टावर नाई तरी पोट्टे येते म्हून? तवाच समजाले पायजे होतं मले. मले समजून घ्याचंच नोतं." तिला धाप लागली. "तनवीरभाऊ, पोरीची फी भरा उद्याच्याले. अन् तुमी सगये, कोनी काई दाखवलं तं बंद करून पाहा, उलटं करून पाहा, इचारा. माह्यासारखी बाई रडून सांगन तरी बी इचारा."

धनजची एसटी जवळजवळ रिकामी होती. खिडकीशी लिलाबाई, शेजारी धम्मदीपा. लिलाबाईनं फोन पिशवीत तळाशी घातला होता. कंडक्टर तिकीट देऊन गेला.

"तुले कवापासून मालूम होतं?"

धम्मदीपाला खोटं बोलता आलं असतं. "महिना झाला."

"महिना? अन् मी रोज तुह्यापुढं नाचत होतो, किती पोट्टे आले, किती पोट्टे आले म्हनून. काहून नाई सांगतलं?"

"तू जेवाले लागली होती, आई."

लिलाबाई मग रडली. स्टेजवर धरून ठेवलेलं सगळं गाडीत सुटलं. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या पायरीवर रडली होती तशी, मोठ्यानं, आजूबाजूचं भान न ठेवता. पोरगा दुसऱ्यांदा गेला होता. धम्मदीपाही रडली, आणि आईला कवेत घेऊन बसून राहिली. गाव जवळ आलं तेव्हा लिलाबाईनं पदरानं तोंड पुसलं, पोरीचंही पुसलं आणि तिची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आयक. पुढच्या वक्ती मी उपाशी मेली तं मरू दे," ती म्हणाली. "पन मले खरं सांगत जाय."