मामाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि कुणी कापड घेऊन मला पुसायला आलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. वस्तू पुसतात ती एक तर पाहुण्यांसाठी, नाही तर विकण्यासाठी. आज घरात पाहुणे नाहीत.

संशय जन्मापासूनच माझ्या पाठीला लागला आहे. कारखान्यात प्रत्येक प्लेअर तपासणारे एक चष्मेवाले गृहस्थ होते. एखादा चांगला वाजला, तर ते म्हणत, "आता वाजतोय, घरी जाऊन रुसेल." माझ्या अंगावर एक कळ आहे. तबकडी हळू फिरवायची की जलद, ते ती ठरवते. गृहस्थांनी ती पुढेमागे करून पाहिली आणि नाइलाजाने मला पास केलं.

मी ज्या घरी आलो तिथे आई, बाबा आणि त्यांची लहानगी लेक होती. बाबा छापखान्यात दुसऱ्या पाळीला जात. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घाली. तिथल्या वाफेने तिच्या हातांची सालं निघत. इस्पितळात चौकशीच्या खिडकीवरची जागा रिकामी होणार होती. मेट्रनबाई तिला म्हणाल्या होत्या, "इंग्रजी बोलता आलं, तर ती खुर्ची तुझी."

शिकवणी परवडणारी नव्हती. घरात एक इंग्रजी तबकडी होती, कुणा गायिकेची. पण ती बाई इतक्या घाईने गायची, की एक शब्द पकडेपर्यंत बाकीचे पसार होत. आईने मग माझी कळ हळूवर आणली. मला ते मुळीच रुचलं नाही. पण शब्द सुटे झाले. आई एक ओळ ऐकायची, सुई उचलायची, ओळ म्हणायची, पुन्हा सुई ठेवायची. त्या गाण्यांत जो तो कुणाला तरी सोडून गेलेला, त्यामुळे भूतकाळाला तोटा नव्हता. 'जर-तर'ची वाक्यं तिला दुसऱ्या कडव्यात मिळाली. कुठे क्रियापदच गाळलेलं असलं, की ती थबकायची. "हिचं सगळंच खरं मानायला नको," असं पुटपुटत व्याकरणाच्या पुस्तकात पाहून यायची.

तबकडी हळू फिरली, की बाईचा आवाज उतरून पुरुषाचा होतो. आईचं लक्ष शब्दांत. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या काकूंना वाटलं. भिंत पातळ होती आणि त्यांचे कान तिखट. एके सकाळी त्यांनी बाबांना जिन्यात गाठलं.

"भावजी, सांगू नये, पण तुम्ही कामावर गेलात की तुमच्याकडे कुणी पुरुष बोलतो."

"रेडिओ असेल."

"रेडिओ तेच तेच बोलत नाही. आणि वहिनी त्याच्यामागून म्हणतात."

बाबा वर आले. त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी नसताना घरी कोण येतं गं?"

"मामा," लेक म्हणाली. "मामा गातो."

आईला भाऊ नव्हता.

त्या दिवसापासून बाबा जेवताना ताटाऐवजी आईकडे पाहू लागले. दारातल्या चपला निरखू लागले. त्यांनी एकदा मलाही उलटं करून पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं असतं, पण सुई टेकल्याशिवाय मला वाचा नाही.

एका दिवशी ते अर्धी पाळी टाकून परतले. तो जड आवाज त्यांना दाराबाहेरच ऐकू आला. त्यांनी दार ढकललं. आई जमिनीवर बसली होती, लेक तिच्या मांडीवर झोपली होती.

"कुठाय तो?"

"कोण?"

"ज्याचा आवाज येतोय तो."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. इतक्या दिवसांच्या त्या नजरा तिला आत्ता कळल्या. तिने फक्त माझी कळ पुढे सरकवली. पुरुषाची बाई झाली आणि भराभरा गाऊ लागली.

बाबांनी वाकून मला नीट पाहिलं. "पुन्हा मागे घे बघू," ते म्हणाले. अजून त्यांची खात्री पटली नव्हती.

"घेते. आधी काकूंना बोलावून आणा. त्यांचाही जीव टांगणीला लागला असेल."

आईला खुर्ची मिळाली. माझ्याकडून शिकल्यामुळे तिचं इंग्रजी फार संथ होतं. मेट्रनबाई हसतील अशी मला धास्ती होती. त्या म्हणाल्या, "खिडकीशी येणारी माणसं घाबरलेली असतात. त्यांना हेच हवं." पुढे माझ्यावर विणलेला रुमाल आला, मग फुलदाणी, मग इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

बाबा आधीच गेले होते, आता आईही गेली. घर रिकामं करायला लेक आली आहे, सोबत जुनं सामान घेणारा माणूस. ती आईच्या चादरीची घडी घालते, मोडते, पुन्हा घालते. मग तिने कापड घेतलं आणि मला पुसलं.

त्या माणसाने तबकडीवर छापलेला वेग वाचला, कळ नेमकी त्यावर आणली आणि सुई ठेवली. गायिका गायली, अगदी जशी गायली होती तशीच.

लेक दचकली. "हे आमचं गाणं नाही. बिघडलाय हा."

"मोटर जास्तच पळतेय, ताई. भंगारातच जाईल."

फार वर्षांनी मी बरोबर वाजत होतो, आणि तोच माझा गुन्हा ठरला.

तेवढ्यात तिची नजर कळेकडे गेली. 'हळू'पाशी रंग पार उडालेला, अंगठ्याएवढा. तिने तिथे आपला अंगठा टेकवला आणि कळ मागे ओढली. आवाज उतरला, जड झाला. लेक ओळ संपेपर्यंत हलली नाही. मग तिने सुई उचलली, ती ओळ म्हटली आणि पुन्हा सुई ठेवली.

"कोण गातंय हे?" माणसाने विचारलं.

"मामा," लेक म्हणाली. "तो नाही द्यायचा."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू बिघडली असा संशय आला, तर टाकण्याआधी ती कुठे झिजली आहे एवढं बघा. तिथे कुणाचा तरी हात असायचा. कापड अजून लेकीच्या हातात आहे, पण आता मी तिच्यावर संशय घेत नाही. फारसा.